सुती दोऱ्याचे हिमकण: नाताळसाठी क्रोशाची सहा टोकांची चांदणी

क्रोशाच्या हिमकणाचं अर्धं काम सुईवर होतं आणि उरलेलं अर्धं टाचण्यांवर. सुईवरून नुकताच उतरलेला हिमकण चुरगळलेला, कडेने वळलेला, टोकं भलतीकडे गेलेली असा दिसतो. नव्याने शिकणारे बरेच जण इथेच हिरमुसतात आणि तो बाजूला टाकतात. तो बिघडलेला नसतो, त्याचं काम अजून व्हायचं असतं. धुवून, टाचण्यांवर ताणून, कडक करून वाळवला की टोकन्‌टोक उठून दिसतं. म्हणून या लेखात विणण्याइतकीच जागा विणून झाल्यानंतरच्या कामाला दिली आहे.

टोकं सहाच का? बर्फ गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, त्यामुळे हिमकणाच्या फांद्या एकमेकींपासून ६० अंशांवर फुटतात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको गावी राहणाऱ्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो घेतला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त हिमकण टिपले. ते फोटो विणायला बसण्याआधी जरूर पाहा. मधे षटकोनी चकती, तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या फांद्या आणि फांद्यांना फुटलेली बारीक टोकं अशी रचना त्यांत पुन्हा पुन्हा दिसते. खाली दिलेला नमुना तसाच आहे. रुमाल, तोरणं विणायची सवय असलेल्यांचा हात आठ भागांकडे जातो. आठ टोकांची चांदणीही सुंदर होते, पण तिला हिमकण म्हणता येणार नाही.

सामान

दोरा पांढरा, सुती, मर्सराइज्ड घ्या. मर्सराइज्ड दोऱ्याला किंचित चमक असते, पीळ घट्ट असतो आणि त्यामुळे टाका स्पष्ट दिसतो. शिकण्यासाठी १० नंबरचा दोरा योग्य. दोऱ्याचा नंबर वाढला की जाडी कमी होते. २० नंबरची चांदणी नाजूक होते, पण टाके मोजताना डोळे ताणले जातात, म्हणून ती नंतर करा. लोकर नको. अॅक्रिलिक लोकरीत टाका फुगीर दिसतो, टोकं गोलमटोल होतात आणि खळ नीट मुरत नाही.

सुई स्टीलची, १० नंबरच्या दोऱ्यासाठी १.५ मिमी. हात घट्ट असेल तर १.७५ मिमी घ्या. पोनीच्या सुया शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतात आणि माप दांड्यावर कोरलेलं असतं. विकत घेताना सुईच्या टोकाच्या हुकावरून बोट फिरवून पाहा. तो खरखरीत लागला तर दोऱ्याचे तंतू उचकटतील.

याशिवाय बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई, छोटी कात्री, थर्माकोलचा जाड तुकडा, पारदर्शक प्लॅस्टिक, कंपास आणि न गंजणाऱ्या टाचण्या लागतील. टाचण्यांच्या बाबतीत काटकसर करू नका. साध्या लोखंडी टाचण्या ओल्या दोऱ्यात रात्रभर राहिल्या की तांबूस डाग पडतात आणि पांढऱ्या सुतावरचा गंजाचा डाग सहसा जात नाही. एका चांदणीला २५ टाचण्या धरा.

एका चांदणीला साधारण ४ मीटर दोरा लागतो. पहिल्या एक-दोन चांदण्या उसवाव्या लागतील, म्हणून हिशेब ५ मीटरचा करा. गुंडीच्या लेबलवर मीटर दिलेले असतात. १०० मीटरमध्ये निदान वीस चांदण्या होतात.

चार टाके

साखळी: सुईवर दोऱ्याचा वेढा घ्या आणि सुईवरच्या फासातून बाहेर काढा. मोजताना सुईवर असलेला फास मोजत नाहीत.

स्लिप स्टिच: सुई टाक्यात घाला, वेढा घ्या आणि तो टाका व सुईवरचा फास या दोन्हींतून एकदमच बाहेर काढा. याने उंची वाढत नाही. जोडायला आणि पुढे सरकायला हा टाका.

मुका खांब: सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्या, सुईवर २ फास होतील. पुन्हा वेढा घेऊन दोन्हींतून काढा.

खांब: आधी सुईवर वेढा, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्या. सुईवर ३ फास होतील. वेढा घेऊन दोनांतून काढा, परत वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा.

परदेशी नमुने वाचणाऱ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकी नमुन्यातला सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब आणि डबल क्रोशे म्हणजे खांब. ब्रिटिश नमुन्यात मात्र मुक्या खांबालाच डबल क्रोशे म्हणतात आणि खांबाला ट्रेबल. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द दिसला तर तो अमेरिकी समजा. हा घोळ झाला की चांदणी एक तर वाटीसारखी होते, नाहीतर कडेला झालर पडते, आणि चूक कुठे झाली हे सापडत नाही.

चारही टाके आधी जाड दोऱ्यावर घोटून घ्या. सलग ३० साखळ्या एकसारख्या मापाच्या आल्या की बारीक दोरा हातात घ्या.

विणकाम

सुरुवातीला दोऱ्याचं १२ सेंमी शेपूट सोडा. ६ साखळ्या घाला आणि पहिल्या साखळीत स्लिप स्टिच करून कडं बनवा. हे शेपूट कड्यावर आडवं धरा आणि पहिल्या फेरीचे खांब त्याच्यावरूनच घाला. ते आपोआप लपतं आणि नंतर ओवायचं काम वाचतं.

पहिली फेरी. ३ साखळ्या (हा पहिला खांब धरायचा), कड्यात १ खांब. मग २ साखळ्या, कड्यात २ खांब, असं पाच वेळा. शेवटी २ साखळ्या आणि सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच. खांब कड्याच्या साखळीत टोचून नव्हे, कड्याच्या भोकातून घालायचे. आता थांबून मोजा: खांबांच्या ६ जोड्या आणि मधे २ साखळ्यांची ६ घरं. पाच किंवा सात आली असतील तर इथेच उसवा, कारण पुढे काहीही केलं तरी ती चूक झाकली जात नाही.

दुसरी फेरी. शेजारच्या खांबावर एक स्लिप स्टिच आणि पुढच्या घरात एक, असे सरकत घरापर्यंत या. घरात ३ साखळ्या, १ खांब, ३ साखळ्या, २ खांब. हा पहिला कोपरा झाला. * १ साखळी, पुढच्या घरात २ खांब, ३ साखळ्या, २ खांब. * खुणेपासून आणखी चार वेळा करा. शेवटी १ साखळी आणि सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच. एकूण २४ खांब, ३ साखळ्यांचे ६ कोपरे आणि दोन कोपऱ्यांच्या मधे १ साखळीचं छोटं घर, अशी सहा घरं. काम टेबलावर ठेवा. ते जवळपास सपाट, सरळ बाजूंच्या षटकोनासारखं दिसायला हवं.

तिसरी फेरी म्हणजे फांद्या. हीच सगळ्यात देखणी आणि सगळ्यात जास्त चुकणारी फेरी, म्हणून एक फांदी सावकाश पाहू.

शेजारच्या खांबावरून स्लिप स्टिचने सरकत कोपऱ्याच्या ३ साखळ्यांच्या घरात या. १ साखळी (ही मोजायची नाही) आणि त्याच घरात १ मुका खांब. आता ७ साखळ्या घाला. सुईपासून मागे मोजत चौथ्या साखळीत स्लिप स्टिच करा; ३ साखळ्यांचं छोटं कडं तयार होईल. याला पिको म्हणतात. आता ५ साखळ्या आणि त्याच साखळीत पुन्हा स्लिप स्टिच. हा मधला, मोठा पिको. मग ३ साखळ्या आणि परत त्याच साखळीत स्लिप स्टिच. तीन पानांचं टोक झालं. खाली ३ साखळ्यांची काडी उरली आहे. तिच्या प्रत्येक साखळीत एक याप्रमाणे ३ स्लिप स्टिच करत खाली उतरा आणि कोपऱ्याच्या त्याच घरात १ मुका खांब घाला.

फांदी झाली. पुढच्या कोपऱ्याकडे जाताना ३ साखळ्या, १ साखळीच्या छोट्या घरात १ मुका खांब, ३ साखळ्या, त्याच मुक्या खांबाच्या माथ्यावर स्लिप स्टिच (हा खाचेतला पिको), पुन्हा ३ साखळ्या. पुढच्या कोपऱ्यात मुका खांब, फांदी, मुका खांब. असं सहा वेळा करा. शेवटच्या ३ साखळ्यांनंतर पहिल्या मुक्या खांबावर स्लिप स्टिच करा, १५ सेंमी दोरा ठेवून कापा आणि टोक फासातून ओढून घ्या.

टोकाच्या तिन्ही पिकोंच्या स्लिप स्टिच एकाच साखळीत जायला हव्यात, यावर टोकाचा आकार ठरतो. बारीक दोऱ्यात ती साखळी दुसऱ्या पिकोनंतर घट्ट होते आणि सुई आत जात नाही. अशा वेळी जोर लावू नका. दोऱ्याचे पीळ फाटतात. पहिल्या ७ साखळ्यांतली चौथी साखळी घालतानाच जराशी सैल ठेवा, म्हणजे ही अडचण येत नाही. काडीवरून उतरताना साखळीची कोणतीही एक बाजू उचला, पण सहाही फांद्यांत तीच बाजू उचला. एका फांदीत पुढची आणि दुसरीत मागची उचलली तर एक डावीकडे वळेल आणि दुसरी उजवीकडे.

शेवटचं टोक बोथट सुईत ओवून मागच्या बाजूने खांबांच्या मुळाशी ३-४ सेंमी न्या, मग उलट दिशेने २ सेंमी परत आणा आणि कापा. गाठ मारू नका. चांदणी कडक झाली की गाठ मण्यासारखी उठून दिसते. हे काम कडक करण्याआधीच उरकायचं, नंतर सुई शिरत नाही.

१० नंबरच्या दोऱ्यात ही चांदणी ताणल्यावर ६ ते ७ सेंमी भरते. लहान हवी असेल तर दुसरी फेरी गाळा: पहिल्या फेरीच्या प्रत्येक घरात मुका खांब, फांदी, मुका खांब, आणि खांबांच्या जोडीवरून २ साखळ्यांनी पुढच्या घरात. ही साधारण ४ सेंमीची होते. झाडावर दोन्ही मापं मिसळून टांगली तर जास्त छान दिसतात.

बिघडलं तर कारण शोधा

मधला भाग वाटीसारखा उचलला जातो: साखळ्या घट्ट पडल्या आहेत किंवा कोपऱ्यात ३ ऐवजी २ घातल्या गेल्या. कोपरे मोजा. बरोबर असतील तर एक माप मोठी सुई घ्या. थोडा उचललेपणा टाचण्यांनी बसतो, पण बोट आत मावेल इतकी वाटी झाली असेल तर नाही.

कड लाटांसारखी वरखाली होते: हात सैल आहे, किंवा एका घरात चारऐवजी पाच खांब गेले आहेत.

एक टोक बाकीच्यांपेक्षा आखूड दिसतं: त्या फांदीत ७ ऐवजी ६ साखळ्या झाल्या किंवा पिको चौथीऐवजी पाचव्या साखळीत जोडला गेला. तेवढंच दुरुस्त करता येत नाही, त्या टोकापर्यंत उसवावं लागतं. म्हणून प्रत्येक फांदी झाली की आधीच्या फांदीवर ठेवून ताडून पाहा.

काम मळकट दिसतं: हात धुवून बसा आणि केसांना तेल लावलेलं असेल तेव्हा विणू नका. तेलकट बोटांनी दोरा ओढला की तो करडा पडतोच.

धुणं, ताणणं, कडक करणं

सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात चांदण्या १०-१५ मिनिटं बुडवा, हलक्या हाताने दाबा, पिळू नका. शुभ्रपणा हवा असेल तर शेवटच्या पाण्यात निळीचा एखाद-दुसरा थेंब घाला, पण आधी पाण्यात ढवळून मगच चांदण्या टाका, नाहीतर निळे ठिपके पडतात. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्या.

कागदावर कंपासने ३.५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. कंपासचं अंतर न बदलता परिघावर एका बिंदूपासून पुढे पुढे खुणा करत जा. त्रिज्या परिघावर बरोबर सहा वेळा बसते, त्यामुळे कोन मोजावे न लागता सहा टोकं मिळतात. त्या खुणांपासून केंद्रापर्यंत रेषा ओढा. विणल्यावर चांदणी याहून लहान भरत असेल तर तिच्या मापाचं वर्तुळ काढा. ओढूनताणून मोठी करू नका. कागद थर्माकोलवर ठेवा आणि वरून प्लॅस्टिक घाला. प्लॅस्टिक विसरलं तर चांदणी कागदाला चिकटते आणि पेन्सिलचं शिसं दोऱ्यात उतरतं.

आता कडक करायचं द्रावण. घरी करता येतील असे दोन पर्याय चांगले आहेत.

फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात: एक चमचा फेविकॉल, एक चमचा पाणी, गुठळी राहू न देता ढवळा. परदेशात कोणताही पांढरा पीव्हीए गोंद चालतो. वाळल्यावर पारदर्शक होतो, टोकं ताठ राहतात आणि किडे लागत नाहीत. कोकण, मुंबई, गोवा अशा दमट हवेत हाच घ्या.

कॉर्नफ्लोरची खळ: एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर पाव कप गार पाण्यात कालवा, पाऊण कप उकळत्या पाण्यात ओता आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवा. सुती साडीला घालतो तीच, फक्त दाट. ही कोमट असताना वापरा. दिसायला मऊ, सुती पोत कायम राहतो आणि धुतली की निघून जाते. पण दमट हवेत सैल पडते आणि साठवणीत कसर, झुरळं लागू शकतात.

साखरेच्या पाकाने कडक करायची युरोपातली जुनी पद्धत आहे. आपल्याकडे ती टाळा; मुंग्या लागतात आणि दमट हवेत पाक चिकट होतो.

चांदणी द्रावणात पूर्ण भिजवा, दोन बोटांत दाबून जादा द्रावण काढा. उलट बाजू वर ठेवून प्लॅस्टिकवर पसरा. आधी मध्यभागी एक टाचणी. मग एका फांदीच्या मधल्या पिकोत टाचणी घालून रेषेवर ओढा आणि लगेच तिच्या समोरच्या फांदीला टोचा. अशा समोरासमोरच्या जोड्या केल्या की मध्य सरकत नाही. ओळीने एकेक टोचत गेलात तर शेवटची फांदी पुरत नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंचे लहान पिको उघडून टोचा, शेवटी खाचेतले. टाचणीचं डोकं बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवा, म्हणजे दोरा वर सरकत नाही. पिकोच्या भोकांत साचलेलं द्रावण टाचणीच्या टोकाने फोडा. राहिलं तर वाळल्यावर तिथे पडदा दिसतो आणि चांदणी प्लॅस्टिकची वाटते.

पंख्याखाली, सावलीत वाळू द्या. तीन-चार तासांनी प्रत्येक टाचणी जागच्या जागी फिरवा, नाहीतर गोंदासकट घट्ट बसते आणि काढताना पिको फाटतो. संपूर्ण वाळायला एक दिवस द्या. घाईने सोडवलेली चांदणी वरून कडक आणि मधे ओली असते. टांगल्यावर तिच्या फांद्या खाली मान टाकतात.

टांगणं आणि ठेवणं

फांदीच्या मधल्या पिकोतून तंगूस (पारदर्शक नायलॉन दोरा) ओवा. पांढऱ्या दोऱ्यापेक्षा तंगूस बरा, तो दिसत नाही आणि चांदणी अधांतरी वाटते. खिडकीत लावताना १५, २०, ३० सेंमी अशा कमी-जास्त लांबीवर टांगा. माळ करायची असेल तर २० साखळ्या घाला, एका चांदणीच्या पिकोत स्लिप स्टिच करा, पुन्हा २० साखळ्या, असं पुढे जा. वसई किंवा गोव्यात नाताळचा कागदी तारा दारात लावतात, त्याच्या खालच्या टोकाला तीन चांदण्या सोडल्या तर फार शोभतात. पण तारा व्हरांड्यात असेल तर रात्रीच्या दवात फेविकॉलही मऊ पडतो, म्हणून छपराखालीच टांगा. दिव्यांच्या माळा एलईडीच्या असू द्या. मेणबत्तीजवळ सुती चांदणी कधीही टांगू नका.

सुट्टी संपली की चांदण्या एकावर एक ठेवताना मधे बटर पेपरचे तुकडे घाला, चपट्या डब्यात भरा आणि वर काही जड ठेवू नका. डब्यात सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाका. खळ दिलेल्या चांदण्या मात्र ठेवण्याआधी धुवून, खळ काढून, वाळवून ठेवा आणि पुढच्या डिसेंबरात नव्याने ताणा.